मागावरचे इंग्रजी शब्द

अवघड इंग्रजी शब्द म्हणजे सातासमुद्रांपलीकडची वस्तू, तिचा आपल्या घराशी काही संबंध असावयाचा नाही, अशी आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते. ही समजूत इतरत्र कदाचित खरी असेलही. बमरोलीत मात्र ती टिकावयाची नाही. बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूंनी पोटापाण्यासाठी येथे आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा संसार त्या खडखडाटावरच उभा राहिला आहे. अशा घरांत वडील, काका, थोरला भाऊ जेवताना बोलतात, तेव्हा बीम, वार्पिंग, शटल, ग्रे, डेनियर, स्टेंटर, जेकार्ड हे शब्द सहज कानांवर पडतात. बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी इंग्रजीचे पुस्तक कधी हाती धरलेले नसते. तरीही हे शब्द ते अचूक वापरतात, कारण शब्द चुकला तर कापड बिघडते आणि मजुरी कापली जाते.

आता गंमत अशी की, कापडाच्या धंद्यातील अशा शब्दांना इंग्रजी भाषेत बहुधा एक दुसरा अर्थही असतो, आणि तोच अर्थ पाठ्यपुस्तकात व वर्तमानपत्रात आपल्याला अडवतो. पहिला अर्थ घरी ठाऊक, दुसरा शाळेत अडलेला! या दोहोंच्या मधला दुवा जोडून द्यावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम स्टेंटर घेऊ. पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगविलेले ओले कापड या यंत्रात जाते. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवरील चिमटे किंवा टाचण्या कापडाचे काठ पकडतात, ते आडवे ताणून धरतात आणि उष्ण हवेच्या कप्प्यांतून पुढे नेतात. त्यामुळे कापड सुरकुत्या न पडता वाळते व त्याचा पन्हा सर्वत्र सारखा राहतो. हे यंत्र निघण्यापूर्वी कित्येक शतके इंग्लंडमध्ये हेच काम उघड्या मैदानावर होत असे. लाकडी चौकटी उभारून त्यांना आकडे ठोकीत आणि धुतलेले लोकरी कापड त्या आकड्यांवर ताणून वाळवीत. त्या चौकटीला टेंटर म्हणत. ‘ताणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला, आणि आपला स्टेंटर त्याच घराण्यातला. चौकटीचे आकडे ते टेंटरहुक्स. ज्याचे मन असे दोन्हीकडून ताणलेले आहे, निकाल काय लागतो याची जो श्वास रोखून वाट पाहत आहे, तो मनुष्य ‘ऑन टेंटरहुक्स’ असतो.

हा वाक्प्रचार वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आकडे नेहमी अनेकवचनी. एका आकड्यावर कापड ताणले जात नाही. त्यापूर्वी ‘ऑन’ हेच शब्दयोगी यावे, ‘इन’ नव्हे. आणि वर्षानुवर्षे पुरणाऱ्या काळजीला हा वाक्प्रचार शोभत नाही. तो अल्प मुदतीच्या, निकाल जवळ आलेल्या उत्कंठेचा आहे. दहावीचा निकाल उद्या लागणार असेल, तर आज रात्री तुम्ही टेंटरहुक्सवर आहात. घरावरील कर्जाची चिंता वडिलांना दहा वर्षे छळीत असेल, तर तिला दुसरा शब्द शोधावा. पुष्कळ इंग्रज लोकही ‘टेंडरहुक्स’ असे चुकीचे लिहितात. ज्याच्या घरी स्टेंटर ठाऊक आहे त्याच्याकडून ही चूक व्हावयास नको. मराठीत याला तोडीस तोड प्रयोग आहेच: जीव टांगणीला लागणे. इंग्रजाने जीव आकड्यावर ताणला, आपण तो टांगला, इतकाच काय तो फरक.

दुसरा शब्द क्लू. पोलिसांना चोरीचा क्लू मिळाला, असे आपण मराठीतही म्हणू लागलो आहोत. या शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडा, असा आहे. ग्रीक पुराणात थिसियस नावाचा वीर एका भुलभुलैयात शिरतो, तेव्हा अरियाद्नी नावाची राजकन्या त्याला सुताचा गुंडा देते. तो उलगडीत थिसियस आत जातो आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर येतो. तेव्हापासून कोड्यातून वाट दाखविणारी कोणतीही खूण म्हणजे क्लू. आता मराठी वर्तमानपत्र उघडून पाहा: ‘पोलिसांना धागेदोरे सापडले.’ थिसियसची कथा ज्यांनी कधी ऐकली नाही, त्या आपल्या लोकांनीही सुतावरूनच वाट काढावी, हे आम्हांस मोठे नवलाचे वाटते. हा शब्द नकारार्थी वाक्यांतही फार येतो. मला या गोष्टीचा क्लू नाही, म्हणजे मला यातले काहीच कळत नाही, असा त्याचा अर्थ. तेथे ‘पुरावा नाही’ असे भाषांतर करणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. पुरावा वेगळा आणि क्लू वेगळा. क्लू पुराव्यापर्यंत पोहोचवितो.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. सूत दिसले की लगेच कापड आठवावे, असे मात्र नाही. ‘सूतोवाच’ या शब्दात सूत आहे, परंतु ते कापसाचे नव्हे. पुराणे सांगणारा जो सूत, तो बोलला, म्हणजे ‘सूत उवाच’. शब्दांच्या नुसत्या चेहऱ्यावर विश्वासले की असा घोटाळा होतो. इंग्रजीतील त्याचे उत्तम उदाहरण बॉम्बॅस्ट हे होय. हा शब्द दिसताच विद्यार्थ्यास बॉम्ब आठवतो आणि ‘स्फोटक भाषण’ असा अर्थ तो ठोकून देतो. वस्तुतः बॉम्बशी त्याचे काही नाते नाही. बॉम्बॅस्ट म्हणजे मुळात कापूस; उत्तर-मध्ययुगीन लॅटिनमधील कापसाच्या नावावरून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. सोळाव्या शतकात इंग्लंडातील श्रीमंत लोक आपल्या बंड्यांत कापूस भरून छाती फुगवून दाखवीत. त्या भरलेल्या कापसाला बॉम्बॅस्ट म्हणत. पुढे ज्या भाषणात विचार हाडकुळा आणि शब्द मात्र फुगविलेले, त्या भाषणालाही लोक तेच नाव देऊ लागले. विशेषण बॉम्बॅस्टिक. ते भाषणाला, लेखनाला, शैलीला, किंवा तसे बोलणाऱ्या मनुष्याला लावावे. रागाने केलेले भाषण बॉम्बॅस्टिक नव्हे. पोकळ असूनही जड शब्दांनी फुगविलेले ते बॉम्बॅस्टिक. आपल्याकडे अशा लेखनास शब्दबंबाळ म्हणतात. स्नेहसंमेलनातील काही भाषणे ऐकताना या शब्दाची आठवण आम्हांस झाली, तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

आता थोडे आपल्या शहराच्या इतिहासाकडे वळू. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचता की, १६१३ मध्ये इंग्रजांची सुरतेस फॅक्टरी सुरू झाली. हे वाचून कित्येकांच्या डोळ्यांपुढे धुराडे, भोंगे आणि मजुरांच्या पाळ्या उभ्या राहतात. त्या काळी यांतले काहीही नव्हते. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदीविक्री करणारा अडत्या, आणि अशा अडत्यांनी जेथे राहावयाचे, माल साठवावयाचा व हिशेब लिहावयाचे, ती जागा फॅक्टरी. मराठी बखरकारांनी तिला वखार म्हटले, आणि तोच शब्द अगदी योग्य आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांनी जिचा बचाव केला ती हीच वखार, कारखाना नव्हे. जुन्या काळाविषयीच्या इंग्रजी मजकुरात हा शब्द आला, तर प्रथम सालाकडे पाहावे आणि मग अर्थ ठरवावा.

या वखारीतून कापड जहाजांवर चढे, आणि कापडाबरोबर त्याची नावेही चढत. आपली छीट इंग्रजीत चिंट झाली. तिचे अनेकवचन चिंट्स. ग्राहकांनी ते अनेकवचनच एकवचन समजून वापरले, अखेरच्या ‘एस’च्या जागी ‘टीझेड’सारखे दिसणारे परके रूप आले, आणि आजचा चिंट्झ हा शब्द तयार झाला. कॅलिको हे नाव कालिकत बंदरावरून पडले. ही भारतीय छापील वस्त्रे इंग्लंडमध्ये इतकी लोकप्रिय झाली की तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनी दंगे केले. पार्लमेंटाने १७०० साली आशियातील छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली आणि १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड वापरण्यासही मनाई केली. ही मनाई १७७४ मध्ये उठली. एका छिटेने सरकारला कायदा करावयास लावला! आणि आज? चिंट्झी या विशेषणाचा अर्थ इंग्लंडात ‘भडक, हलक्या अभिरुचीचे’ असा, आणि अमेरिकेत ‘चिकू, कंजूष’ असा होतो. एकच शब्द दोन देशांत दोन निंदांसाठी. कॅलिकोचेही असेच आहे: इंग्लंडात साधे, कोरे सुती कापड, तर अमेरिकेत छापील. म्हणून तिकडे पांढऱ्या-काळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या मांजरीस कॅलिको म्हणतात.

याहून अधिक मनाला लागणारी हकीकत एका दुसऱ्या शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे ‘सुरत’. होय, आपल्या शहराचे नाव मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सामान्यनाम म्हणून नोंदलेले आहे, आणि त्याचा अर्थ गौरवाचा नाही.

इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसावर चालत. तो कापूस लांब धाग्याचा आणि तुलनेने स्वच्छ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि १८६५ पर्यंत लँकेशायरात कापसाचा दुष्काळ पडला. तेव्हा पश्चिम भारतातील कापसाला मागणी आली. लिव्हरपूलच्या बाजारात या सर्व कापसाचे व्यापारी नाव ‘सुरत’ असे होते. वस्तुतः तो पिके भडोच, काठेवाड, खानदेश अशा अनेक प्रांतांत, आणि तोपर्यंत जहाजांवर चढे तो मुख्यतः मुंबईस. परंतु जुन्या पेठेचे नाव मालाला चिकटून राहिले होते. हा कापूस आखूड धाग्याचा. त्यात पाचोळा, धूळ, सरकीचे तुकडे असत. अमेरिकन कापसासाठी जुळविलेल्या यंत्रांवर त्याचे सूत वारंवार तुटे. विणकराला मजुरी विणलेल्या कापडाप्रमाणे मिळे. तेव्हा सूत तुटले की माग थांबे, आणि माग थांबला की घरची भाकरी कमी होई. असे सांगतात की, एका प्रार्थनासभेत धर्मोपदेशक कापसासाठी देवाची करुणा भाकू लागला, तेव्हा मागे बसलेला एक गिरणी कामगार मध्येच ओरडला की, देवा, कापूस धाड, पण सुरती धाडू नकोस. सॅम्युएल लेकॉक या लँकेशायरी कवीने सुरती कापूस विणणाऱ्या विणकराचे गाऱ्हाणे आपल्या बोलीत गायिले, ते याच दिवसांत. हळूहळू ‘सुरत’ या शब्दाला तेथे ‘भेसळीचे, हलक्या प्रतीचे’ असा अर्थ चिकटला, आणि कापसाशी संबंध नसलेल्या वस्तूंनाही तो लावला जाऊ लागला.

यात दोष कोणाचा? कापसात भेसळ होत असे, हे नाकारता येणार नाही. तिला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु ती भेसळ शेतापासून बंदरापर्यंत अनेक हातांतून होत असे, आणि आखूड धागा हा तर त्या जातीचा धर्म. तो काही कोणाचा अपराध नव्हे. खानदेशातील ज्या शेतकऱ्याने तो पिकविला, त्याला आपल्या कापसाच्या नावाने लँकेशायरात शिव्या दिल्या जात आहेत, हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्याच खानदेशातील लोक आज सुरतेत माग चालवितात, आणि सूत तुटले की माग थांबतो व मजुरी बुडते, ही लँकेशायरच्या विणकराची व्यथा त्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. ‘सुरत’चा हा निंदाव्यंजक अर्थ आता वापरातून गेला आहे, तो फक्त मोठ्या कोशांत जुन्या अर्थाच्या खुणेसह आढळेल. उलट सुरा नावाचे एक तलम रेशमी कापड इंग्रजी कोशात आहे, आणि तेही नाव सुरतेवरूनच आले असावे, असे कोशकार मानतात.

अमेरिकेच्या त्याच युद्धाने आणखी एक शब्द रूढ केला: शॉडी. जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पिंजून, त्यांपासून पुन्हा काढलेल्या सुताला यॉर्कशायरमध्ये शॉडी म्हणत. बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने हा उद्योग १८१३ च्या सुमारास सुरू केला. आपल्या देशात पानिपत आज याच उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. यादवी युद्धात काही ठेकेदारांनी सैनिकांना अशा सुताचे निकृष्ट गणवेश पुरविले, आणि ते पावसापाण्यात फाटून गेले. त्यानंतर शॉडी म्हणजे दिसावयास बरे पण मुळात कच्चे, हा अर्थ सर्वतोमुखी झाला. शॉडी काम, शॉडी माल, शॉडी बांधकाम असे प्रयोग होतात. एखाद्यास दिलेली अपमानकारक वागणूकही शॉडी असते. विद्यार्थी याची शॅबीशी गल्लत करतात. शॅबी म्हणजे वापरून जुने, कळकट झालेले. आजोबांचा वीस वर्षांचा कोट शॅबी असू शकेल, पण तो शॉडी नव्हे. शॉडी असता तर वीस वर्षे टिकलाच नसता.

उच्चाराच्या बाबतीत दोन शब्द हमखास फसवितात. एक सटल. लिहिताना यात ‘बी’ आहे, म्हणून आमचे विद्यार्थी ‘सबटल’ असे वाचतात. तो ‘बी’ मुका आहे. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ ताण्याखालून जाणारा बारीक धागा, असा सांगतात. म्हणून सटल म्हणजे सूक्ष्म, तरल, सहज डोळ्यांत न भरणारे. सूक्ष्म फरक, सूक्ष्म सूचना, सूक्ष्म विनोद अशा ठिकाणी तो वापरावा. लहान आकाराच्या वस्तूस सटल म्हणू नये. मुंगी सटल नसते.

दुसरा डेनियर. नऊ हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. पंचाहत्तर डेनियरचे सूत नऊ हजार मीटर घेतले, तर ते पंचाहत्तर ग्रॅम भरेल. आकडा जितका लहान तितके सूत तलम. इंग्रजीत हा शब्द ‘डेन्यर’ असा काहीसा उच्चारतात. अक्षरे तीच ठेवून ‘डिनायर’ असे म्हटले, तर मात्र अर्थ बदलून ‘नाकारणारा’ असा होतो. सुताचा डेनियर हे मुळात एका फ्रेंच नाण्याचे नाव. ते रोमन दिनारियसपासून निघाले, आणि आपल्या जुन्या शिलालेखांतील दीनारही त्याच वंशातला. सुताच्या बाजारात कोणी डेनियर विचारला की रोमच्या टांकसाळीचा शब्द बोलला जात असतो.

बाजारातील ‘ग्रे’ कापड पाहून कोणी विचारील की, हे तर करड्या रंगाचे नाही, मग ग्रे का? मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या, न रंगविलेल्या कापडास इंग्रजीत ग्रेझ असेही म्हणतात. तो शब्द फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ इटालियन, आणि अर्थ ‘कच्चे’. इंग्रजांच्या तोंडी ग्रेझ आणि ग्रे एकमेकांत मिसळले. आपल्या व्यापाऱ्यांचा ‘ग्रे’ त्यामुळे अर्थाने बिनचूक आहे.

शटल म्हणजे धोटा, हे सांगावयास नको. रेपियर व वॉटरजेट मागांवर आता धोटा उरलेला नाही. तरी दोन ठिकाणांमध्ये सारखी जा-ये करणारी शटल गाडी धावतेच आहे, आणि १९८१ पासून २०११ पर्यंत अमेरिकेचे स्पेस शटल अंतराळात जाऊन परत येत होते. रॉकेट हा शब्ददेखील मुळात सूतकताईचा. इटालियन भाषेत त्याचा अर्थ लहान चाती किंवा बॉबिन. अग्निबाणाची लांबट नळी तशी दिसे, म्हणून ते नाव पडले. हेकल म्हणजे प्रथम अंबाडीसारख्या तागांचे तंतू फणीने विंचरणे, आणि पुढे सभेत वक्त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारून भंडावणे. वार्प म्हणजे ताणा. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ वाकडे होणे, पिळवटणे. पावसाळ्यात फुगून न लागणारे दार वार्प झालेले असते, आणि द्वेषाने विकृत झालेली बुद्धीही.

शेवटी एक चमत्कारिक जोडी. रॅव्हल म्हणजे सूत गुंतणे, आणि रॅव्हल म्हणजेच सूत सुटणेही. कोश दोन्ही परस्परविरुद्ध अर्थ देतो. हा गोंधळ टाळण्यासाठी आजचे लेखक उकलण्याच्या अर्थी अनरॅव्हल वापरतात, आणि तुम्हीही तोच वापरावा. सकर्मक असताना त्याचा अर्थ चांगला: गुप्तहेराने रहस्य अनरॅव्हल केले, म्हणजे उलगडले. अकर्मक असताना मात्र तो वाईट: बेत अनरॅव्हल झाला, म्हणजे उसवत उसवत फसला. वाक्यात कर्म आहे की नाही ते आधी पाहावे, मग अर्थ लावावा. गेल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत ‘बेत उलगडला’ असे लिहिणारे पुष्कळ निघाले. त्या सर्वांनी ‘बेत उसवला’ असे एकदा लिहून पाहावे.